उखळ वेगळे, मुसळ वेगळे

या मासिकाच्या मराठी विभागात शिकारीच्या रायफलीविषयी लेख यावा, हे पुष्कळ वाचकांना चमत्कारिक वाटेल. तप, तीर्थ, सामायिक, व्यापारातील सचोटी हे आपल्या ओळखीचे विषय. परंतु ज्या घराण्यांनी दोन-तीन पिढ्या सावकारी आणि अडत केली, त्यांच्या माळ्यावर अथवा तिजोरीच्या खोलीत येण्यापोटी आलेली एखादी तलवार, एखादा खंजीर, क्वचित एखादी बंदूकही आढळते. घरातील कर्ता पुरुष असेपर्यंत त्या वस्तूकडे कोणी पाहत नाही. तो गेला की वारसांना तिचे काय करायचे ते ठरवावेच लागते. दागिना तोलून वाटता येतो, जमीन मोजून वाटता येते. शस्त्राची वाटणी कशी करायची, हे कोणत्याही वाटणीपत्रात लिहिलेले नसते.

आमच्या घरात हा प्रश्न वडिलांच्या पश्चात उभा राहिला. वस्तू होती शिकारीची एक जड, दुनळी रायफल. ठेवावी, विकावी की दुरुस्त करून पूर्ववत करावी, असे तीन मार्ग समोर होते आणि तिन्ही मार्गांना घरातच एकेक वकील मिळाला. गेल्या चातुर्मासात आम्ही त्यावर जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवतो. ज्यांच्या घरी शस्त्र नाही त्यांनाही तो अगदीच परका वाटणार नाही. कारण आपल्या हातून गेलेल्या वस्तूची जबाबदारी आपल्यावर कोठवर राहते, हा प्रश्न प्रत्येक व्यापाऱ्याचा आहे.

आमची पेढी वैनगंगेच्या काठच्या एका बाजारगावात, धान आणि तांदळाची. हा मुलूख त्या काळी मध्य प्रदेशात मोडत असे. आसपासचे मालगुजार आजोबांकडून उचल घेत आणि धान निघाले की हिशेब पुरा करीत. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि अनेक जुन्या घरांचे उत्पन्न एका वर्षात आटले. अशाच एका मालगुजाराकडे पेढीची मोठी बाकी होती. जे देता येईल ते त्यांनी दिले आणि उरलेल्या रकमेपोटी ही रायफल आजोबांपुढे ठेवली. आजोबांनी प्रथम नकार दिला. पण त्या गृहस्थांना डोक्यावर ऋण ठेवून मरायचे नव्हते. अखेर आजोबांनी रीतसर परवाना काढून ती घेतली, त्यांचे खाते चुकते केले आणि वहीत ‘दुनळी नग १’ असे लिहून पुढे ‘विक्रीचा माल नव्हे’ एवढी टीप घातली. त्यानंतरच्या कोणत्याही दिवाळीच्या मालमोजणीत तिची किंमत धरलेली नाही.

आजोबांनी आणखी एक गोष्ट केली. अशी रायफल तीन भागांत सुटी होते: जोडनळ्या, चापाच्या यंत्रासह दस्ता, आणि नळ्यांखाली बसणारा लाकडी तुकडा. आजोबांनी नळ्या घरच्या तिजोरीत ठेवल्या, दस्ता पेढीवरच्या लोखंडी पेटीत ठेवला आणि लाकडी तुकडा देवघरामागच्या कपाटात. परवान्याच्या तपासणीपुरते ते भाग एकत्र येत आणि पुन्हा आपापल्या जागी जात. वडिलांनीही हीच रीत पाळली. आम्ही मुले ती सावधगिरी समजत होतो. आजोबांनी कारण कोठे लिहून ठेवले नाही.

आता या वस्तूविषयी थोडे. ती लंडनच्या एका कारखान्यात तयार झालेली, ‘.४७०’ मापाची आहे. इंग्रज सरकारने १९०७ मध्ये ‘.४५०’ मापाच्या काडतुसांची हिंदुस्थानातील आयात बंद केली; त्या मापाचा दारूगोळा सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांसाठी बंडखोरांच्या हाती लागेल, ही भीती त्यामागे होती. त्यानंतर शिकाऱ्यांसाठी ‘.४६५’, ‘.४७०’, ‘.४७५’ अशी किंचित निराळी मापे प्रचारात आली. रायफलीचे वजन सुमारे पाच किलो. तिच्या एका गोळीचे वजन ५०० ग्रेन. ग्रेन हे माप आपल्या सराफ बांधवांना ठाऊक आहे. १८० ग्रेनचा एक तोळा. म्हणजे एक गोळी पावणेतीन तोळ्यांहून थोडी अधिक भरते, आणि ती सेकंदाला दोन हजार फुटांहून अधिक वेगाने नळीबाहेर पडते. हत्ती, रानगवा, रानरेडा, वाघ यांच्यासारखे प्राणी अंगावर येत असता एका गोळीने थांबावेत, एवढ्याच हेतूने हे माप घडविले गेले. दुसरी नळी पहिली चुकली तर हाताशी असावी म्हणून.

कारागिरीच्या दृष्टीने ही वस्तू असामान्य आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. दोन्ही नळ्या वरवर समांतर दिसतात. प्रत्यक्षात त्या तोंडाकडे किंचित जवळ आणलेल्या असतात. उजवी नळी उडाली की धक्क्याने रायफल एका बाजूस ओढली जाते, डावी उडाली की दुसऱ्या बाजूस. तरीही दोन्ही गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच ठिकाणी लागाव्यात, यासाठी कारागीर नळ्यांमध्ये लहानशी पाचर बसवून त्या कथलाने जोडतो, गोळ्या झाडून पाहतो, कथील वितळवून पाचर केसभर सरकवतो आणि पुन्हा झाडून पाहतो. हे काम यंत्रावर होत नाही. हात, डोळा आणि धीर यांवर होते. आमच्या रायफलीच्या दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांवर गवतातून निघणारा वाघ कोरलेला आहे. त्याचा उचललेला पंजा पाहून माझा पुतण्या कितीतरी वेळ बोललाच नाही.

परंतु ती आज वापरण्याजोगी नाही. नळ्यांमधली कथलाची जोड सुटली आहे, पट्टीखाली गंज शिरला आहे, आणि अक्रोडाच्या दस्त्याला मुठीपाशी आरपार चीर गेली आहे. तिची काडतुसे बनविणाऱ्या प्रसिद्ध इंग्रजी कंपनीने १९६०च्या दशकात ही मोठी मापे बनविणे थांबविले, तेव्हाच तिचा आवाज जवळपास बंद झाला होता. आमच्या घरात तर तो कधी निघालाच नाही.

वडील गेल्यावर कायद्याने पहिले पाऊल ठरवून दिले. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घरच्यांना शस्त्र तसेच ठेवून घेता येत नाही; ते पोलिस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावे लागते. आम्ही पेढीच्या राखणीची साधी बाराबोअर आणि ही रायफल, दोन्ही परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केल्या. त्या विक्रेत्याने दोनच दिवसांत निरोप धाडला की रायफलीला गिऱ्हाईक आहे.

धाकट्या भावाचे मत विकण्याकडे होते आणि त्याच्या मताला कारण होते. त्याच्या गोदामावर बँकेचे कर्ज आहे, दोन हंगाम वाईट गेले आहेत. विक्रेत्याने सांगितलेल्या रकमेतील वाट्याने त्याचा श्वास मोकळा झाला असता. तो म्हणाला, “भाऊ, आपण शिकार करीत नाही, करणारही नाही. जुनी वस्तू आहे, हौशी माणूस घेईल, काचेच्या कपाटात ठेवील. सगळे कायदेशीर आहे. यात पाप कसले?”

पुतण्या अभियंता आहे. त्याला ती दुरुस्त करून हवी होती. “मोठे बाबा, असे काम आता जगात मोजके लोक करतात. शंभर वर्षांपूर्वीचे हात आहेत हे. गंज खाऊ देणे हीसुद्धा हानीच आहे. परवाना माझ्या नावावर करू. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला दोन शस्त्रे ठेवता येतात, तेव्हा कायद्याची आडकाठी नाही.”

आईचे म्हणणे सर्वांत छोटे होते. “तुमच्या बाबांनी जशी ठेवली तशी ठेवा.”

माझ्याकडे ज्येष्ठ म्हणून निर्णय आला, आणि मला तिन्ही म्हणण्यांत काही ना काही खरे दिसत होते. त्या वर्षी आमच्या स्थानकात महासतीजींचा चातुर्मास होता. एका दुपारी मी हा विषय त्यांच्या कानावर घातला. त्यांनी ‘विका’ म्हटले नाही, ‘मोडा’ म्हटले नाही, ‘ठेवा’ही म्हटले नाही. सावद्य कार्याची आज्ञा वा अनुमोदना देणे साधुमर्यादेत बसत नाही, हे आपण सारे जाणतो. त्यांनी इतकेच विचारले, “आठव्या व्रताचे अतिचार पाठ आहेत ना?” मी पाच नावे म्हटली. चौथ्या नावावर त्यांनी मला थांबविले.

वाचकांपैकी अनेकजण प्रतिक्रमणात ही नावे रोज म्हणतात. अनर्थदंड विरमण व्रताचे पाच अतिचार आहेत: कंदर्प, कौत्कुच्य, मौखर्य, संयुक्ताधिकरण आणि उपभोग-परिभोगातिरेक. उपासकदशांग सूत्रात आनंद गाथापतीच्या कथेत ते येतात. आनंद हा आपल्यासारखाच व्यवहारी गृहस्थ होता. पाचशे नांगरांची शेती, गायींचे कळप, व्यापारासाठी गाडे, सारे काही त्याच्याकडे होते. अशा संपन्न आणि उद्योगी माणसाला भगवंतांनी जे दोष टाळण्यास सांगितले, त्यांत संयुक्ताधिकरण आहे. अधिकरण म्हणजे ज्याच्या आधाराने हिंसा घडू शकते ते साधन. संयुक्त म्हणजे जोडलेले, वापरास सिद्ध.

टीकाकारांनी दिलेली उदाहरणे अगदी घरगुती आहेत. उखळात मुसळ घालून ठेवू नये. नांगराला फाळ जोडून ठेवू नये. धनुष्याला बाण लावून ठेवू नये. वस्तू जोडलेली असली की कोणी मागायला आले तर नाही म्हणणे अवघड जाते. सुटी असली की नकार सोपा होतो, आणि घाईत, रागात, सहज म्हणून होणारी हिंसा एका पायरीने दूर राहते. आजोबांनी तीन भाग तीन ठिकाणी का ठेवले, याचे उत्तर मी पन्नास वर्षे रोज तोंडाने म्हणत होतो.

हा नियम शस्त्रमात्राला सरसकट पाप ठरवीत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. आपल्या परंपरेत चामुंडरायासारखे सेनापती झाले, वस्तुपाल-तेजपालांसारखे मंत्री झाले. त्यांनी रणांगण पाहिले आणि मंदिरेही उभारली. गृहस्थासाठी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. घराचे, आश्रिताचे, राज्याचे रक्षण करताना घडणारी ती विरोधी. ती गृहस्थाला सर्वथा टाळता येत नाही. पेढीच्या राखणीची बाराबोअर या विचारात बसू शकते. पण मारण्याच्या इराद्याने केलेली ती संकल्पी, आणि तिचा त्याग तर पहिल्याच अणुव्रतात आहे. शिकार सप्तव्यसनांतही मोजली आहे. पाच किलोची, पावणेतीन तोळ्यांची गोळी फेकणारी रायफल दरोडेखोरासाठी बनत नाही. तिच्या प्रत्येक भागाचा हेतू एकच, आणि तो तिच्या पोलादावर चित्ररूपाने कोरलेलाही आहे. तेव्हा रक्षणाच्या सबबीखाली तिला आसरा मिळत नाही.

या कसोटीवर मी तिन्ही मार्ग घासून पाहिले.

दुरुस्तीचा मार्ग सर्वांत आधी गळाला. प्रज्ञापना सूत्रात आधिकरणिकी क्रियेचे दोन भेद सांगितले आहेत: निर्वर्तना आणि संयोजना. निर्वर्तना म्हणजे साधन नव्याने घडविणे. संयोजना म्हणजे आधी घडलेले सुटे भाग जोडून ते कार्यक्षम करणे. पुतण्याला जे करायचे होते, त्याला शास्त्राने दोन हजार वर्षांपूर्वी नाव देऊन ठेवले आहे. शिवाय ज्या कारागिरीवर तो लुब्ध झाला होता, ती पुरी झाल्याची खूण गोळी झाडूनच पटते. दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी मारतात की नाही, हे मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी त्याला विचारले, “दुरुस्त झाल्यावर तिचे तू काय करशील?” तो प्रामाणिक मुलगा आहे. तो म्हणाला, “कपाटात ठेवीन.” मग कपाटात ठेवण्यासाठी ती मारण्यालायक कशाला करायची, या प्रश्नावर आम्ही दोघेही थांबलो.

विक्रीचा प्रश्न अधिक कठीण होता, कारण त्यात माझ्या भावाची गरज गुंतली होती. सातव्या व्रतातील पंधरा कर्मादाने आपल्या व्यापारी समाजाला सुपरिचित आहेत. त्यांतील विषवाणिज्यात प्राणघातक वस्तूंचा विक्रय येतो. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात विषाबरोबर शस्त्रही त्यात घातले आहे. भाऊ म्हणाला, “हा व्यापार नाही, एकदाच होणारी विक्री आहे.” त्याचे म्हणणे खरे. पण आठवे व्रत एकवारच्या देण्यालाही धरते. हिंस्रप्रदान हा अनर्थदंडाचाच एक प्रकार आहे, दिगंबर परंपरेत त्यालाच हिंसादान म्हणतात. आणि श्रावकाच्या प्रतिक्रमणसूत्रात शस्त्र, अग्नी, मुसळ, यंत्र इत्यादी वस्तू स्वतः दिल्या किंवा दुसऱ्याकरवी देवविल्या, तरी त्याची आलोचना करावी लागते. विक्रेत्याकरवी विकणे म्हणजे देवविणेच नव्हे काय?

मी भावाला शास्त्रापेक्षा हुंडीच्या भाषेत सांगितले, कारण ती आम्हा दोघांची मातृभाषा आहे. हुंडी दुसऱ्याच्या नावे करताना आपण पाठीवर सही करतो. ती पुढे चार हातांत फिरते, पण पैसे चुकते होईपर्यंत आपली सही पुसली जात नाही. कोणी नाकारली तर धनी शोधत आपल्या दारी येतो. शस्त्राची विक्री अशीच आहे. आजचा गिऱ्हाईक हौशी असेल, काचेच्या कपाटात ठेवील. त्याचा मुलगा काय करील? त्याच्याकडून घेणारा काय करील? हौशी संग्राहक अशी दुनळी विकत घेतो तो बहुधा दुरुस्त करण्यासाठीच, आणि या मापाची काडतुसे आज परदेशात पुन्हा बनू लागली आहेत. आफ्रिकेत अशा रायफली आजही हत्ती व रानरेड्यांवर चालतात. कायद्यानेसुद्धा खासगी विक्रीवर अट घातली आहे की विकणाऱ्याने घेणाऱ्याचे नाव-पत्ता दंडाधिकाऱ्यांना अथवा ठाण्यात लेखी कळवावा आणि पंचेचाळीस दिवस थांबावे. सरकारलाही पहिल्या घेणाऱ्यापर्यंतच नजर पोहोचविता येते. पाठीवरची आपली सही मात्र त्याच्याही पुढे जाते.

उरला आईचा मार्ग, जशी आहे तशी ठेवण्याचा. मला तो सर्वांत जवळचा वाटत होता. आजोबा आणि वडील, दोघांनी मिळून साठ-सत्तर वर्षे ती सुटी ठेवली आणि ती कोणाच्या हाती लागू दिली नाही. माझ्या तरुणपणी एका वर्षी रानडुकरांनी आमच्या कुळांचे धान पार उद्ध्वस्त केले. चार शेतकरी रात्री घरी आले. “शेठजी, ती मोठी बंदूक द्या, एक रात्र.” त्यांचे दुःख खरे होते, उभे पीक गेलेल्या माणसाला अहिंसेचा उपदेश करणे हीसुद्धा एक हिंसा आहे. वडील म्हणाले, “ती जोडलेली नाही, आणि मी जोडणार नाही.” मग त्यांनी त्या चौघांचे त्या सालचे व्याज सोडले आणि पुढच्या पेरणीचे बियाणे पेढीवरून दिले. नकाराची किंमत त्यांनी आपल्या वहीत लिहिली, शेतकऱ्यांच्या नाही. आजही आमच्या पेढीवर वनविभागाकडील पीक-नुकसानभरपाईचे अर्ज भरून दिले जातात. ती रीत त्या रात्रीपासूनची आहे.

म्हणजे ठेवणे हा मार्ग चालला, पण तो ठेवणाऱ्या माणसांमुळे चालला. मी आज बहात्तर वर्षांचा आहे. २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे परवाना माझ्या नावे झाला तरी तो पाच-पाच वर्षांनी नव्याने करावा लागेल, आणि लवकरच प्रश्न पुढच्या पिढीकडे जाईल. त्या पिढीतली दोन मुले पुण्यात, एक परदेशात. तीन तुकडे तीन ठिकाणी ठेवणारे कोणी घरात राहणार नाही. एखाद्या दिवशी घर आवरताना कोणीतरी ते एकत्र करील, जुळतात का पाहील, आणि जुळल्याचा आनंद त्याला होईल. मुसळ उखळात पडण्यास एवढेच पुरते.

शिवाय ज्या जंगलासाठी ती घडली होती, ते जंगलही आता दुसरे झाले आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम आला. त्याच वर्षीच्या गणनेत साऱ्या देशात अवघे १,८२७ वाघ मोजले गेले होते. २०२२च्या गणनेत ही संख्या सरासरी ३,६८२ झाली आणि त्यांतील ४४४ महाराष्ट्रात होते. वाघ वाढले म्हणून आमच्या भागात माणसांचे हालही वाढले आहेत, मोहफुले वेचायला गेलेली बाई परत येत नाही, हे मी रोजच्या वर्तमानपत्रात वाचतो. त्याचे उत्तर वनखाते, कुंपण, भरपाई, गावाची सावधगिरी यांतून शोधावे लागेल. आमच्या तिजोरीतल्या नळ्यांत ते नाही.

या विचारात असतानाच उत्तराध्ययन सूत्राचे अठरावे अध्ययन व्याख्यानात आले. कांपिल्य नगरीचा राजा संजय घोड्यावर बसून हरणांच्या मागे केशर उद्यानात शिरतो, बाण मारतो, आणि मेलेले हरीण ध्यानस्थ मुनींच्या जवळ पडलेले पाहून घाबरतो. मुनी गर्दभाली त्याला शाप देत नाहीत. ते त्याला अभय देतात आणि सांगतात की आता त्यानेही इतर जीवांना अभय द्यावे. राजा तेथेच राज्य सोडतो. ही कथा मी अनेकदा ऐकली होती. या वेळी माझे लक्ष एका गोष्टीकडे गेले: त्या धनुष्याचे पुढे काय झाले, याचा सूत्रात उल्लेख नाही. राजाने ते कोणाला दिले नाही, विकले नाही, राजवाड्याच्या भिंतीवर टांगले नाही. त्याच्यापुरते ते तेथेच संपले.

चौथा मार्ग कायद्यातच सापडला. शस्त्र अधिनियमाच्या पंचेचाळिसाव्या कलमात काही वस्तूंना सूट आहे. जे शस्त्र जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोलाचे किंवा मोडके असून दुरुस्त करून अथवा न करता बंदूक म्हणून वापरताच येत नाही, ते त्या कायद्याच्या कक्षेबाहेर जाते. ‘दुरुस्त करून अथवा न करता’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. म्हणजे नुसती मोडलेली बंदूक बंदूकच राहते. जिची दुरुस्ती अशक्य झाली, तीच केवळ लोखंड आणि लाकूड होते. आमच्या महासतीजींची कसोटी आणि वकिलांची कसोटी एका जागी येऊन मिळाल्या.

आम्ही असे ठरविले. बाराबोअरचा परवाना वारस म्हणून माझ्या नावे मागायचा. रायफलीविषयी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा की परवानाधारक कारागिराकरवी, त्यांच्या माणसांसमोर, नळ्यांची काडतूस बसण्याची जागा आणि चापाचे यंत्र पुन्हा जोडता येणार नाही असे कापण्यास संमती द्यावी. घरी स्वतः करवत चालविणे हा गुन्हा ठरू शकतो, म्हणून ते कोणीही करू नये. संमती न मिळाल्यास ती मोबदल्याशिवाय सरकारजमा करायची. मृत वस्तू एखाद्या संग्रहालयाला कोरीवकामासाठी हवी असेल तर आनंदाने द्यायची.

भावाचा प्रश्न मात्र ठरावाने सुटणारा नव्हता. विकली नाही म्हणून त्याचे जे नुकसान झाले, ते माझ्या तत्त्वामुळे झाले होते. अहिंसेची किंमत दुसऱ्याच्या खिशातून भरायची नसते. विक्रेत्याने सांगितलेल्या रकमेतील त्याचा वाटा मी माझ्या ठेवीतून त्याला दिला. तो घेत नव्हता. आईने सांगितले, “घे. वडिलांनी कुळांना व्याज सोडले, त्यातलेच हे आहे.” तेव्हा त्याने घेतला, आणि रोजमेळात नोंद स्वतःच्या हाताने केली.

पुतण्याने विक्रेत्याच्या दुकानी चार दिवस बसून प्रत्येक जोडाची, कोरीवकामाची, लाकडाच्या रेषांची रेखाचित्रे काढली. पंजा उचललेला वाघ त्याने फार सुंदर उतरविला आहे. कारागिराच्या हाताबद्दलचा त्याचा आदर त्या वहीत पुरेपूर उतरला, आणि त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही. तो आता म्हणतो की असे हात नाडी-परीक्षेच्या यंत्रांना, शस्त्रक्रियेच्या उपकरणांना हवे आहेत. तो त्या दिशेने काही शिकतो आहे.

ज्या वाचकांच्या घरी असे शस्त्र असेल, त्यांना वयाच्या नात्याने तीन गोष्टी सुचवितो. पहिली, परवाना आणि वस्तू यांची आजच गाठ घाला. कर्ता असतानाच वारसाचे नाव ठरवा. सत्तर वर्षे वय अथवा पंचवीस वर्षे ताबा झाला की हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करण्याची सोय नियमांत आहे. दुसरी, परवाना नसेल तर लपवून ठेवू नका. जाणत्या वकिलाला बरोबर घेऊन जमा करा. तिसरी, ती वस्तू पूर्वजांनी कशी ठेवली होती, हे नीट पाहा. पुष्कळदा वस्तूपेक्षा ठेवण्याची रीत हाच खरा वारसा असतो.

आमच्या अर्जाचा निकाल अजून यायचा आहे. रायफल विक्रेत्याकडे जमा आहे. ठेवताना मी त्याला एकच विनंती केली, आणि त्याने कारण न विचारता ती मान्य केली: तिन्ही भाग वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावेत.